लेकरू परदेशी शिकायला जाणार? सातबारा नव्हे, खात्यातला पैसा बघतात. व्हिसासाठी पैसे कसे दाखवायचे, सविस्तर माहिती

ग्रामीण भागातली मुलं-मुली आता इंग्लंड, जर्मनी, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियात शिकायला जात आहेत. प्रवेश मिळतो, विद्यापीठाचं पत्रही येतं आणि गाडी अडते ती व्हिसाच्या टप्प्यावर. कारण एकच, पैशांचा पुरावा. घरात दहा एकर बागायत आहे, विहीर आहे, ट्रॅक्टर आहे, पण व्हिसा अधिकारी विचारतो, फी आणि राहण्याचा खर्च भागेल एवढा पैसा आज हातात आहे का, आणि तो आला कुठून?

शेतकरी कुटुंबाची अडचण इथंच होते. नोकरदाराकडे पगाराची स्लिप आणि आयकराचे कागद तयार असतात. शेतकऱ्याचा पैसा मात्र जमिनीत, जनावरांत, पतसंस्थेत आणि सोन्यात विखुरलेला असतो. तो गोळा करून कागदावर आणायला वेळ लागतो. म्हणून ही तयारी जायच्या आधी निदान आठ-दहा महिने सुरू करावी.

कोणत्या देशाला किती पैसा दाखवावा लागतो?

खालचे आकडे एकट्या विद्यार्थ्याच्या राहण्या-खाण्याच्या खर्चाचे आहेत. फी त्यात धरलेली नाही.

इंग्लंड (यूके): लंडनमध्ये शिकणार असेल तर महिन्याला १,५२९ पौंड, लंडनबाहेर १,१७१ पौंड. जास्तीत जास्त ९ महिन्यांचे दाखवायचे. म्हणजे लंडनसाठी १३,७६१ आणि लंडनबाहेर १०,५३९ पौंड. हे दर नोव्हेंबर २०२५ पासूनचे आहेत. शिवाय पहिल्या वर्षाची जी फी भरायची राहिली असेल ती यात मिळवायची.

कॅनडा: क्युबेक प्रांत सोडून इतरत्र २२,८९५ कॅनेडियन डॉलर. हा आकडा १ सप्टेंबर २०२५ पासूनचा आहे. पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च वेगळा.

ऑस्ट्रेलिया: वर्षाला २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर, मे २०२४ पासून. फी आणि प्रवासखर्च वेगळा.

जर्मनी: वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो. हा पैसा नुसता दाखवून चालत नाही. तो साधारणपणे 'ब्लॉक्ड अकाउंट' नावाच्या खात्यात आधीच भरावा लागतो. विद्यार्थी तिथं पोहोचला की दर महिन्याला ठरलेली रक्कमच त्याला काढता येते. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसते, पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात.

अमेरिका: इथं सगळ्यांना एकच आकडा नाही. विद्यापीठ 'आय-२०' नावाचा फॉर्म देतं. त्यावर फी, राहणं, विमा धरून वर्षाचा खर्च छापलेला असतो. तेवढ्या पैशांचा पुरावा आधी विद्यापीठ मागतं. नंतर मुलाखतीतही अधिकारी तो विचारू शकतो.

हे आकडे बदलत राहतात. अर्ज भरायच्या आठवड्यात त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा बघून घ्यावेत.

हिशोब कसा करायचा?

एक उदाहरण बघू. समजा मुलीला लंडनबाहेरच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. वर्षाची फी १६,००० पौंड. त्यातले ४,००० आधीच भरले आणि तशी नोंद विद्यापीठाच्या 'कॅस' पत्रात आली. राहिले १२,०००. त्यात राहण्याचे १०,५३९ मिळवले की झाले २२,५३९ पौंड. पौंडाचा भाव १२० रुपये धरला तर ही रक्कम होते २७ लाख ४ हजार ६८० रुपये.

आता खात्यात बरोबर २७ लाख ५ हजार ठेवून चालेल का? नाही. पौंडाचा भाव दोन रुपयांनी वाढला तरी पैसे कमी पडतील. अर्ज भरतो त्या दिवशीचा भाव धरला जातो. त्यामुळं निदान पाच-सात टक्के रक्कम जास्तीची ठेवावी.

व्हिसा फी, विमानाचं तिकीट आणि यूकेसाठी आरोग्य अधिभार हा खर्च याच्याबाहेरचा आहे. विद्यार्थ्यांसाठी हा अधिभार वर्षाला ७७६ पौंड आहे आणि तो अर्जासोबतच भरावा लागतो. तोही याच खात्यातून भरला तर शिल्लक खाली जाईल. त्यासाठी दुसरं खातं वापरावं.

यूकेचा २८ दिवसांचा नियम

सगळ्यात जास्त घोळ याच नियमात होतो. लागणारी पूर्ण रक्कम खात्यात सलग २८ दिवस असायला हवी. या २८ दिवसांत एका दिवसासाठी, एका रुपयानं जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. २८ वा दिवस अर्ज भरण्याच्या तारखेच्या आधीच्या ३१ दिवसांत यायला हवा.

म्हणजे पैसे ३ जूनला जमा झाले तर २८ दिवस ३० जूनला भरतात. त्या दिवसापर्यंतचं स्टेटमेंट काढलं की जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत अर्ज भरता येतो. त्याहून उशीर झाला तर नवीन स्टेटमेंट लागेल.

जून म्हणजे पेरणीचा महिना. बियाणं, खत, मजुरी, ट्रॅक्टरचं डिझेल हे सगळं ज्या खात्यातून चालतं, त्याच खात्यात व्हिसाचा पैसा ठेवला तर कुणीतरी कृषी केंद्रात फोनवरून पैसे पाठवणार आणि शिल्लक मोडणार. कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता आपोआप कटतो तो वेगळाच. म्हणून व्हिसाच्या पैशासाठी स्वतंत्र बचत खातं काढावं. त्याला ना यूपीआय जोडावा, ना कुठला हप्ता. अर्जाचा निकाल येईपर्यंत त्या खात्याला हात लावू नये.

इतर देशांत हा २८ दिवसांचा नियम नाही, पण अचानक आलेला पैसा सगळीकडेच खटकतो. कॅनडा मागच्या चार महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागतं. त्यात तीन महिने वीस हजार शिल्लक आणि चौथ्या महिन्यात एकदम तीस लाख दिसले, तर ते कुठून आले हे कागदानिशी सांगावंच लागतं.

कशाला पैसा म्हणतात, कशाला नाही?

चालतं: बचत खात्यातली शिल्लक, केव्हाही मोडता येईल अशी मुदत ठेव, मंजूर झालेलं शैक्षणिक कर्ज, सरकारी किंवा विद्यापीठाची शिष्यवृत्ती, फी भरल्याची पावती.

चालत नाही किंवा नुसती जोडणी म्हणून चालतं: जमीन, घर, सोनं, शेअर, भविष्य निर्वाह निधी, जनावरं, ट्रॅक्टर. सातबारा आणि आठ अ लावायला हरकत नाही. त्यावरून कुटुंबाची परिस्थिती कळते, गावाशी नातं दिसतं. पण फीच्या हिशोबात त्यातला एक रुपयाही धरला जात नाही. सीएकडून मिळणारा मालमत्तेचा दाखलाही तसाच. तो काढायचा असेल तर त्यावर यूडीआयएन क्रमांक आहे का ते बघावं.

पीककर्ज, किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा किंवा ओव्हरड्राफ्ट हाही 'आपला पैसा' धरला जात नाही. मुदत ठेवीवर आधीच कर्ज काढलेलं असेल तर ती ठेवही बाद समजा. आणि मुलगा तिथं जाऊन काम करून कमवेल, हे उत्तर तर कुठंच चालत नाही. शिकताना आठवड्याला ठरावीक तास काम करायची मुभा असते, पण ती कमाई पुराव्यात धरत नाहीत.

पतसंस्थेतली ठेव असेल तर?

गावाकडं बराच पैसा पतसंस्थेत असतो. पतसंस्था सहकार खात्याकडं नोंदलेली असते. तिला रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना नसतो. परदेशी अधिकाऱ्याला बँक नियामकाच्या देखरेखीखालची आणि खात्री करून घेता येईल अशी संस्था हवी असते. त्यामुळं पतसंस्थेच्या ठेव पावतीवर विसंबू नये. ठेव मोडून पैसे राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या बँकेत आणावेत आणि ठेव मोडल्याचा कागद जपून ठेवावा. पैसा कुठून आला याचा पुरावा तोच होतो.

जिल्हा बँकेत पैसे असतील तरीही पुढं परदेशी पाठवायला परकीय चलनाची परवानगी असलेली बँक लागतेच. मग सुरुवातीपासूनच तिथं खातं असलेलं बरं.

पैसा कुणाच्या नावावर हवा?

यूकेच्या नियमात विद्यार्थी स्वतः, त्याचे आई-वडील, कायदेशीर पालक किंवा नवरा-बायको यांचंच खातं चालतं. आई-वडिलांचं खातं असेल तर जन्मदाखला आणि 'हा पैसा माझ्या मुलासाठी वापरायला माझी संमती आहे' असं सहीचं पत्र लागतं. काका, मामा, आजोबा, थोरला भाऊ यांच्या खात्यातला पैसा तिथं चालत नाही. एकत्र कुटुंबात व्यवहार थोरल्या चुलत्याच्या नावावर असतात, तिथं ही गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. चुलत्यांना मदत करायची असेल तर त्यांनी ती रक्कम बँकेतून आई-वडिलांच्या किंवा मुलाच्या खात्यात टाकावी, तसं बक्षीसपत्र करून द्यावं, आणि २८ दिवस तिथून पुढं मोजावेत.

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात नातेवाईक खर्च उचलू शकतात. पण ते खरंच एवढा खर्च का करतील आणि त्यांना तो परवडतो का, हे पटवून द्यावं लागतं.

शेतीचं उत्पन्न कागदावर कसं आणायचं?

शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर लागत नाही. त्यामुळं बहुतेक शेतकरी विवरणपत्र भरत नाहीत आणि नेमका तोच कागद नसतो. विवरणपत्रात शेतीचं करमुक्त उत्पन्न दाखवायची सोय आहे. मूल दहावी-बारावीत असतानाच दरवर्षी विवरणपत्र भरायला सुरुवात केली तर पुढं तीन-चार वर्षांची नोंद हाताशी राहते.

त्याखेरीज हे कागद जमवावेत:

• ऊसाची बिलं आणि ती ज्या खात्यात जमा झाली त्याचं स्टेटमेंट
• बाजार समितीतल्या हिशोबपट्ट्या (कांदा, सोयाबीन, डाळिंब, जे असेल ते)
• दूध संघाची बिलं
• सातबारा, आठ अ आणि त्यावरची पीकनोंद
• जमीन विकली असेल तर नोंदणी झालेलं खरेदीखत आणि फेरफार

माल विकून रोख घ्यायची आणि घरात ठेवायची सवय इथं आडवी येते. रोख रक्कम एकदम खात्यात भरली तर तिचा उगम दाखवता येत नाही. जमिनीच्या व्यवहारात तर २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्यानंच मनाई आहे. खरेदीखतावर दहा लाख आणि खात्यात तीस लाख, असा फरक असेल तर वरचे वीस लाख कुठले, याला उत्तर राहत नाही.

उत्पन्नाच्या दाखल्याचंही भान ठेवावं. शिष्यवृत्तीसाठी तहसीलमधून काढलेल्या दाखल्यात वर्षाचं उत्पन्न ऐंशी हजार आणि व्हिसाच्या अर्जात बारा लाख, असे दोन कागद एकाच फाइलमध्ये गेले तर अधिकारी दोन्हींवर विश्वास ठेवत नाही. उत्पन्न सगळीकडं एकच आणि खरंच लिहावं.

शैक्षणिक कर्ज: सगळ्यात सरळ मार्ग, पण जमिनीवर मिळणं अवघड

तीस लाख रोकड बाळगणारी घरं थोडी. बाकीच्यांसाठी शैक्षणिक कर्ज हाच खरा पुरावा. यूकेत कर्जाच्या पत्राला २८ दिवसांची अट नाही. मात्र पत्र अर्जाच्या तारखेच्या आधीच्या सहा महिन्यांतलं हवं, कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर हवं, रक्कम स्पष्ट हवी, आणि 'व्हिसा मिळाल्यावर पैसे देऊ' यापलीकडं दुसरी अट नको. 'तारणाची पूर्तता झाल्यावर विचार करू' असं लिहिलेलं तत्त्वतः मंजुरीचं पत्र कामाचं नाही. बँकेतून पत्र घेताना तिथंच उभं राहून वाचावं.

साडेसात लाखांवरच्या कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागतात. इथं शेतकऱ्याला धक्का बसतो. सोन्यासारखी जमीन असूनही बँक ती तारण घ्यायला तयार होत नाही. त्याचं कारण कायद्यात आहे. कर्ज थकलं तर बँक ज्या सरफेसी कायद्यानं मालमत्ता ताब्यात घेते, तो शेतजमिनीला लागू नाही. म्हणून बँकेला एनए प्लॉट, शहरातलं घर, फ्लॅट, मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी हवी असते. गावठाणातलं घर द्यायचं असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि स्वामित्व योजनेतून मिळालेलं मालमत्ता पत्रक घेऊन शाखेत आधी विचारावं. काही नामांकित विद्यापीठांसाठी बँका विनातारणही कर्ज देतात. पण बँकेतर वित्तसंस्थेचं विनातारण कर्ज घेताना व्याजदर बघून घ्यावा.

वडिलांचं सिबिलही बघितलं जातं. थकलेलं पीककर्ज किंवा ट्रॅक्टरचा हप्ता असेल तर तो आधी मिटवावा.

एक गैरसमज दूर व्हायला हवा. केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी योजना भारतातल्या निवडक संस्थांसाठी आहे, परदेशी शिक्षणासाठी नाही. परदेशासाठी राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. सारथीमार्फत महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावानं मराठा, कुणबी समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी योजना आहे. इतर प्रवर्गांसाठीही वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत. शिष्यवृत्तीचं मंजुरीपत्र हा पैशांचा पुरावाच असतो.

'महिन्यासाठी बॅलन्स दाखवून देतो' म्हणणाऱ्यांपासून सावध

काही एजंट सांगतात, तुम्ही फक्त खातं काढा, आम्ही तीस लाख टाकतो, महिन्यानं काढून घेतो, एवढं व्याज द्या. ऐकायला सोपं वाटतं, पण यात धोके दोन. पहिला, ही फसवणूक धरली जाते. परदेशी दूतावास थेट बँकेकडून खात्री करून घेऊ शकतो. खोटा कागद सापडला तर यूकेत दहा वर्षांपर्यंत, कॅनडात पाच वर्षं आणि ऑस्ट्रेलियात तीन वर्षं बंदी येऊ शकते. अमेरिकेत तर खोटी माहिती दिल्याचा ठपका कायमचा असतो. एका महिन्याच्या सोयीसाठी मुलाचं पुढचं सगळं अडकतं.

दुसरा धोका पोचल्यावरचा. व्हिसा मिळतो, एजंट पैसे काढून घेतो आणि मुलगी परक्या शहरात रिकाम्या खात्यानिशी उतरते. पुढच्या सत्राची फी भरता आली नाही की विद्यापीठ नाव काढतं आणि नाव काढलं की व्हिसाही जातो. मग मागं शेत विकायची वेळ येते, तीही घाईत, पडेल त्या भावानं. नियमातला आकडा हा तिथं जगायला लागणारा कमीत कमी खर्च आहे. तो घरात खरंच नसेल, तर वर्षभर थांबून कर्ज किंवा शिष्यवृत्ती मिळवणं बरं.

नावातल्या चुका आणि भाषा

सातबाऱ्यावर 'रामभाऊ', आधारवर 'रामचंद्र', पासपोर्टवर तिसरंच स्पेलिंग, हे घरोघरी आहे. आईचं नाव जन्मदाखल्यावर माहेरचं आणि बँकेत सासरचं असतं. ही सगळी नावं जुळवून घ्यावीत, नाहीतर प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातली नोंद जोडावी. मराठी कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. बँक स्टेटमेंटवर खातेदाराचं नाव, खाते क्रमांक, तारीख, बँकेचं नाव आणि शिल्लक स्पष्ट हवी. शाखेचा शिक्का, सही घ्यावी. पासबुकच्या झेरॉक्सवर भागवू नये.

पैसे पाठवताना

एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. वर्षात दहा लाख रुपयांच्या वर पाठवले तर बँक टीसीएस कापते. मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवले तर तो लागत नाही. कापलेला टीसीएस विवरणपत्र भरून परत मागता येतो.

थोडक्यात क्रम

१. दहा महिने आधी: नावं जुळवणं, सिबिल बघणं, बँकेत तारणाची चौकशी, शिष्यवृत्तीच्या तारखा.
२. सहा महिने आधी: पतसंस्था, ठेवी, मालविक्रीचा पैसा एका स्वतंत्र बँक खात्यात आणणं. प्रत्येक रकमेमागचा कागद फाइलला लावणं.
३. प्रवेशपत्र आल्यावर: कर्जाचं विनाअट मंजुरीपत्र, फीची पावती, फी धरून पूर्ण रकमेचा हिशोब.
४. अर्जाच्या आधी: यूकेसाठी २८ दिवस, कॅनडासाठी चार महिन्यांचं स्टेटमेंट, जर्मनीसाठी ब्लॉक्ड अकाउंट.
५. अमेरिकेच्या मुलाखतीआधी: घरची जमीन किती, पिकं कोणती, वर्षाचं उत्पन्न किती, खर्च कोण करणार, कर्ज किती, हे मुलाला स्वतःला माहीत असायला हवं. फाइल कितीही जाड असली तरी अधिकारी ती उघडेलच असं नाही. तिथं मुलाच्या उत्तरावरच बरंच ठरतं, म्हणून घरचा खरा हिशोब एकदा मुलासमोर बसून मांडावा.